नियमाचा भार आणि अधिकाराची सवलत

(नांदेड येथे, नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर. वक्ते अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत.)



आजचा विषय काहींना शिळा वाटण्याचा संभव आहे. करोनाची साथ ओसरून वर्षे लोटली, तोंडावरच्या पट्ट्या गेल्या, बाजार पूर्ववत भरू लागले. मग साथीच्या काळात कोणा अधिकाऱ्याने किंवा मंत्र्याने स्वतःच घातलेला नियम मोडला, त्यावर लोक संतापले, या गोष्टी आज उकरून काढण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, गावोगाव हिंडताना आपल्या सर्वांना एक अनुभव येतो. त्या दोन वर्षांतील रुग्णसंख्या लोक विसरले आहेत, शासनाने काढलेल्या परिपत्रकांचे क्रमांक तर कोणाच्याच ध्यानात नाहीत; परंतु आपल्याकडे वडिलांच्या अंत्ययात्रेला वीस माणसे मोजून नेली आणि त्याच सुमारास कोणा मोठ्याच्या घरचे लग्न थाटात झाले, हे मात्र कोणी विसरलेले नाही. माणसे मृत्यूचे दुःख पचवतात. अपमान मात्र पचत नाही. हा अपमान नेमका कशाचा होता आणि त्याचे राजकीय पातळीवर काय करावयाचे, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करू.

प्रथम दोन तारखा आपल्यासमोर ठेवतो.

पहिली तारीख ८ एप्रिल २०२०. देशभर टाळेबंदी लागून दोन आठवडे झाले होते. त्या दिवशी महाराष्ट्राच्या गृहखात्यातील प्रधान सचिव (विशेष) अमिताभ गुप्ता यांच्या सहीने एक पत्र दिले गेले. येस बँकेच्या प्रकरणात तपास यंत्रणा ज्यांच्या मागावर होत्या, ते डीएचएफएल या वित्तसंस्थेचे कपिल आणि धीरज वाधवान हे बंधू, त्यांचे कुटुंबीय व सोबतची माणसे यांना खंडाळ्याहून महाबळेश्वरला जाऊ द्यावे, असा त्या पत्राचा आशय. कारण कौटुंबिक निकडीचे, आणि पत्र देणाऱ्याशी नाते कौटुंबिक मैत्रीचे. तेवीस माणसे आणि पाच गाड्या. जिल्ह्याच्या सीमा बंद असताना हा ताफा घाट ओलांडून महाबळेश्वरला पोचला, स्थानिकांच्या नजरेस आला आणि बोभाटा झाला. सर्वांना विलगीकरणात ठेवण्यात आले, गुन्हा नोंदला गेला, गुप्ता यांना सक्तीच्या रजेवर पाठवून चौकशी नेमण्यात आली. पुढे ते सेवेत पुन्हा रुजू झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुण्याचे पोलीस आयुक्त म्हणून त्यांची नियुक्ती झाली.

दुसरी तारीख ८ मे २०२०. बरोबर एक महिन्यानंतरची. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशातील वीसेक मजूर गावी जाणारी गाडी मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते. रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून त्यांनी रुळांची वाट धरली. रात्रभर चालून तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडजवळ, थकून ते रुळांवरच झोपी गेले. पहाटे मालगाडी आली आणि सोळा जण चिरडले गेले. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. प्रवासाच्या पाससाठी अर्ज केला होता, पण उत्तर आले नाही, असे जे वाचले त्यांनी सांगितले.

एका अर्जाला उत्तर मिळाले नाही. एका मैत्रीला मात्र शासकीय कागदावर, सहीशिक्क्यानिशी उत्तर मिळाले. नियम एकच होता, शासनही एकच होते. मला वाटते, त्या काळातील लोकक्षोभाचे सारे अर्थशास्त्र आणि सारे राज्यशास्त्र या दोन तारखांच्या मधल्या तीस दिवसांत सामावलेले आहे.

आता या क्षोभाचे स्वरूप थोडे बारकाईने तपासू. पाच गाड्या महाबळेश्वरला गेल्याने साथ किती वाढली? कदाचित मुळीच वाढली नसेल. त्यामुळे काही सुशिक्षित माणसे म्हणतात की, हा संताप भावनिक आहे, त्यात मत्सराचा अंश आहे, शास्त्राच्या दृष्टीने तो निरर्थक आहे. हे म्हणणे मला पटत नाही. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले, म्हणून या प्रश्नाकडे कराच्या अंगाने पाहतो. साथीचा नियम हा वस्तुतः एक कर आहे. तो पैशात नव्हे, त्यागात वसूल केला जातो. तुम्ही दुकान बंद ठेवा, मजुरी सोडा, आईला भेटायला जाऊ नका, मयताला खांदा द्यायला येऊ नका, असे शासन सांगते आणि लोक तो कर भरतात. बहुसंख्य लोकांनी तो निमूटपणे भरला. प्रत्येकाच्या मागे शिपाई उभा करणे कोणत्याही शासनाला शक्य नव्हते. लोकांनी तो भरला, कारण सगळेच भरत आहेत असा त्यांचा समज होता. कराची खरी तिजोरी हा समज असते. कर वसूल करणाराच कर चुकवतो असे एकदा दिसले, की नुकसान केवळ त्या एका रकमेचे होत नाही. तिजोरीलाच भगदाड पडते.

त्यात हा कर मुळातच विषम होता, हे लक्षात घेतले पाहिजे. ज्यांचे वेतन महिन्याच्या पहिल्या तारखेला बँकेत जमा होत होते, त्यांना घरी बसणे हा कंटाळ्याचा प्रश्न होता. माझ्यासारख्या निवृत्तिवेतनधारकाला तर तोही फारसा नव्हता. रोजंदारीवर जगणाऱ्याला मात्र तो चुलीचा प्रश्न होता. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेली एक लाखाहून अधिक माणसे त्या मार्च-एप्रिलमध्ये पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात कोप्यांतून अडकून पडली होती. त्यांना गावी परतण्याची परवानगी १७ एप्रिलला मिळाली. दंडाचेही तसेच. तोंडावर पट्टी नसेल तर दंड ५०० रुपये. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीवरील मजुरीचा दर दिवसाला २४८ रुपये होता. म्हणजे खड्डे खोदणाऱ्या मजुराला तो दंड दोन दिवसांच्या घामाचा, आणि गाडीतून उतरणाऱ्या साहेबाला दुपारच्या चहापाण्याचा. आधीच असा तिरपा असलेला भार गरिबाने उचलायचा आणि वरच्याने त्यातून पत्राच्या आधारे सुटायचे, हे दिसल्यावर येणाऱ्या रागाला मत्सर म्हणणे अन्यायाचे होईल. तो हिशेबाचा राग आहे, आणि लोकांचा हिशेब बरोबर आहे.

हा प्रकार केवळ साथीपुरता मर्यादित नाही, हे लातूरकरांना मी सांगावयास नको. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती पाचांहून अधिक लोकांनी जमू नये म्हणून कलम १४४ अन्वये जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली, तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. घरटी घागरी मोजून पाणी मिळत होते. आणि तीनच दिवसांनी, १५ एप्रिलला, तेव्हाचे महसूलमंत्री एकनाथ खडसे यांच्या दौऱ्यासाठी औसा तालुक्यातील बेलकुंड येथे हेलिकॉप्टर उतरवताना धूळ उडू नये म्हणून सुमारे दहा हजार लिटर पाणी जमिनीवर शिंपडले गेले. लातूरहून बेलकुंड चाळीसेक किलोमीटर आहे. मोटारीने तासाभराची वाट. दहा हजार लिटर म्हणजे त्या पहिल्या गाडीतील पाण्याच्या दोन टक्के. तेवढ्याने लातूरची तहान भागली असती असे कोणीही म्हणणार नाही. तरीही साऱ्या महाराष्ट्रात संताप उसळला. कारण नळाशी रांगेत उभ्या असलेल्या बाईला सांगितले गेले होते की थेंबन् थेंब मोलाचा आहे, आणि ते सांगणाऱ्यांना तो थेंब धुळीवर शिंपडण्याइतका स्वस्त वाटत होता. टंचाई असो वा साथ, नियमाला नैतिक बळ येते ते समान वाटणीतून. वाटणीत खोट दिसली की नियम उरतो, त्याचे बळ जाते.

थोडे मागे जाऊ. ज्या साथरोग कायद्याच्या आधारे २०२० मध्ये महाराष्ट्रात निर्बंध लादले गेले, तो ४ फेब्रुवारी १८९७ चा. प्लेगच्या साथीत इंग्रज सरकारने तो घाईघाईने केला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण पुण्यात काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. प्लेग अधिकारी रँड याच्या हाताखालचे गोरे सोजीर घरांत घुसले, देवघरे आणि माजघरे तुडवली गेली, माणसे छावण्यांत हलवली गेली. अशा शोकग्रस्त पुण्यात २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यावर व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी झडली. तिथून परतताना चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हत्येचे समर्थन मी करीत नाही, आपली परंपराही ते करीत नाही. परंतु लोकांच्या घरात सुतक आणि राज्यकर्त्यांच्या घरात रोषणाई, हे दृश्य किती खोलवर जखम करते, याचा तो दाखला आहे. आणि त्याच पुण्यात, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात रुग्णांची सेवा करीत होत्या. त्या सेवेतच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रँडच्या हाती कायदा होता, सावित्रीबाईंच्या हाती कोणताही कायदा नव्हता. लोकांनी विश्वास कोणावर ठेवला, हे सांगण्याची गरज नाही. संकट वाटून घेणाऱ्यालाच संकटात आज्ञा करण्याचा अधिकार लोक मनापासून देतात.

त्या कायद्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. आज्ञा मोडणाऱ्या नागरिकाला तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा. आणि कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्याविरुद्ध दावा चालणार नाही, असे संरक्षण. परकीय सत्तेचा कायदा असाच असणार, असे म्हणता येईल. पण स्वतंत्र भारताच्या संसदेने २००५ मध्ये केलेला आपत्ती व्यवस्थापन कायदा घ्या. टाळेबंदीचा दुसरा आधार तो होता. त्याच्या कलम ५१ नुसार आदेश न पाळणाऱ्या व्यक्तीला एक वर्षापर्यंत, आणि त्यामुळे जीवितहानी वा तसा धोका झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ५५ व ५६ मध्ये शासकीय खात्यांच्या अपराधांची आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची तरतूद आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु पुढचे कलम ५९ सांगते की, या दोन कलमांखाली खटला भरावयाचा तर शासनाची पूर्वपरवानगी हवी. म्हणजे सामान्य माणसावर गुन्हा नोंदवण्यास ठाण्यातील हवालदार पुरे, आणि शासनाच्या खात्यावर खटला भरण्यास शासनाचीच संमती पाहिजे. राखणदार कुंपणच शेत खाऊ लागले तर फिर्यादही कुंपणाकडेच नोंदवायची, असा हा न्याय आहे.

२०२१ च्या फेब्रुवारीत या न्यायाचे प्रात्यक्षिकच आपल्याला पाहावयास मिळाले. २१ फेब्रुवारीला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्याला उद्देशून भाषण केले आणि गर्दी होणाऱ्या राजकीय, सामाजिक व धार्मिक कार्यक्रमांवर बंदी जाहीर केली. त्याच दिवशी पुण्यात माजी खासदार धनंजय महाडिक यांच्या मुलाचे लग्न मोठ्या गर्दीत झाले आणि परस्परांविरोधी पक्षांचे ज्येष्ठ नेते त्या मांडवात उपस्थित होते. गुन्हा दाखल झाला तो यजमानावर आणि कार्यालयाच्या व्यवस्थापकांवर. अक्षता टाकायला आलेल्या पुढाऱ्यांपैकी कोणाला काही विचारले गेल्याचे ऐकिवात नाही. दोनच दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, त्याच मंत्रिमंडळातील वनमंत्री संजय राठोड वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला गेले आणि हजारो माणसांची झुंबड उडाली. मुख्यमंत्र्यांनी कारवाईचे आदेश दिले. गुन्हे नोंदले गेले ते मुख्यतः जमलेल्या हजारो अनाम माणसांवर. राठोड यांनी २८ फेब्रुवारीला राजीनामा दिला खरा, पण तो एका तरुणीच्या मृत्यूवरून उठलेल्या वादामुळे. गर्दीच्या नियमाचा जाब त्या राजीनाम्याने दिला गेला नाही. ज्याच्यासाठी गर्दी जमते तो नामानिराळा, आणि गर्दी मात्र आरोपी! शासनाने पुढे २०२२ मध्ये टाळेबंदीच्या काळातील कलम १८८ चे नागरिकांवरील खटले मागे घेण्याचा निर्णय केला, तो योग्यच होता. पण ठाण्यात घालवलेले दिवस, बुडालेली मजुरी आणि खाल्लेल्या लाठ्या मागे घेता येत नाहीत.

पंढरपूरचे उदाहरण तर महाराष्ट्राने विशेष लक्षात ठेवावे. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट चढत असताना पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघात पोटनिवडणूक होती. राज्यात १४ एप्रिलच्या रात्रीपासून कडक निर्बंध आले. पंढरपुरापुरते ते १७ एप्रिलच्या मतदानानंतर लागू होतील, असे सांगण्यात आले. त्याआधी सर्वच पक्षांच्या सभा यथासांग झाल्या होत्या. आणि त्याच वर्षी आषाढीला, आदल्या वर्षीप्रमाणेच, पायी वारीला बंदी होती; मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटीच्या गाड्यांतून पंढरीला नेण्यात आल्या. वारीवर बंदी घालणे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक होते, असेच माझे मत आहे, आणि बहुसंख्य वारकऱ्यांनी शेकडो वर्षांची वाट सोडून ते मानले, यात त्यांचा विवेक दिसतो. पण त्यांनी विचारले की, मतपेटीकडे जाणाऱ्या वाटेवर विषाणू नव्हता आणि विठोबाकडे जाणाऱ्या वाटेवर तेवढा होता काय, तर त्या प्रश्नाला आपल्यापैकी कोणाकडे उत्तर आहे?

हा दोष केवळ आपल्या देशाचा, असेही समजू नका. ब्रिटनमध्ये पंतप्रधानांच्या निवासस्थानी टाळेबंदीच्या काळात मेजवान्या झाल्या. एप्रिल २०२१ मध्ये राणी एलिझाबेथ आपल्या पतीच्या अंत्यविधीला नियमानुसार एकट्या बसल्या होत्या, आणि त्याच्या आदल्या रात्री त्या निवासस्थानी निरोपसमारंभांचे पेले भरले जात होते. चौकशीअंती पोलिसांनी १२६ दंड ठोठावले. खुद्द पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना एप्रिल २०२२ मध्ये दंड भरावा लागला. त्याआधी २०२० च्या मे महिन्यात त्यांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज यांनी टाळेबंदीत केलेला लांबचा प्रवास उघडकीस आला होता. त्यानंतर इंग्लंडमधील लोकांचा शासनाच्या साथ हाताळणीवरील विश्वास घसरला, असे हजारो लोकांच्या नियमित पाहणीतून दिसून आले, आणि तो निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कराच्या तिजोरीला भगदाड पडते असे मी मघाशी म्हणालो, ती केवळ उपमा नव्हे.

याउलट नॉर्वे पाहा. तिथल्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांच्या वाढदिवसानिमित्त कुटुंबातील तेरा माणसे जेवायला एकत्र जमली. मर्यादा दहांची होती. तीन माणसे अधिक! पंतप्रधानांनी जाहीर क्षमा मागितली, तरी पोलिसांनी एप्रिल २०२१ मध्ये त्यांना वीस हजार क्रोनर दंड केला. अशा प्रत्येक प्रकरणात दंड केला गेला असता असे नाही, पण नियम सांगणारी व्यक्तीच पंतप्रधान असल्यामुळे लोकांचा विश्वास राखण्यासाठी तो आवश्यक आहे, असे पोलिसांचे म्हणणे होते. आपल्याकडे पद मोठे तर सवलत मोठी. तिथे पद मोठे म्हणून जबाबदारी मोठी धरली गेली. शासनाने आपल्याला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही घोषणा दिली होती. तिच्या जोडीला 'माझे पद, माझी जबाबदारी' अशी एक घोषणा मंत्रालयाच्या भिंतीवर लागली असती, तर पहिलीचे वजन वाढले असते.

आता दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे, कारण संताप न्याय्य असला तरी तो आंधळा होऊ शकतो. नियमाला अपवाद असावेच लागतात. डॉक्टर, परिचारिका, आशाताई, सफाई कामगार, पाणी सोडणारा कर्मचारी यांना घरी बसवून चालत नाही. जिल्हाधिकाऱ्यालाही फिरावे लागते. कर्तव्यासाठी मिळणारी मोकळीक आणि ओळखीवर मिळणारी सवलत या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतली रेघ आपण पुसता कामा नये. नांदेडचे तेव्हाचे पालकमंत्री अशोक चव्हाण यांना २०२० च्या मे महिन्यात करोनाची लागण झाली आणि रुग्णवाहिकेने त्यांना मुंबईला नेण्यात आले. त्यावर इथे कुजबुज झाली. पण रुग्णाने उपचारासाठी जाणे हा नियमभंग नव्हता, आणि तसा आरोप आपण करू नये. आपण विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: जिल्ह्याच्या मंत्र्याला उपचारासाठी जो सहाशे किलोमीटरचा पल्ला गाठता येतो, तो किनवट किंवा माहूरच्या शेतमजुराने कसा गाठावा? २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती. तेव्हा कोणतीही टाळेबंदी नव्हती. नियमांची विषमता ही सेवांच्या विषमतेचीच सावली आहे, हे विसरून केवळ एखाद्या पुढाऱ्याच्या नाकावरील पट्टी खाली सरकली का, एवढेच पाहत बसलो, तर आपला राग फार स्वस्तात विकला जाईल.

त्याहून मोठा धोका असा की, वर पोचू न शकलेला राग खाली वळतो. २०२० च्या एप्रिलमध्ये हजूर साहिबच्या दर्शनाला आलेले सुमारे चार हजार शीख यात्रेकरू टाळेबंदीमुळे नांदेडमध्ये अडकले होते. ते पंजाबात परतल्यावर त्यांच्यातील अनेकांना लागण झाल्याचे आढळले, तेव्हा दोन राज्यांची शासने एकमेकांकडे बोट दाखवू लागली आणि संशयाच्या नजरा मात्र त्या यात्रेकरूंनी सोसल्या. तबलीगी जमातीच्या लोकांविरुद्ध तर देशभर विष पसरवले गेले. त्यांतील परदेशी नागरिकांवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले. संकटाच्या वेळी शासन बळीचा बकरा शोधते आणि या लोकांना तसे केले गेल्याचा संभव दिसतो, असे न्यायालयाने नोंदवले. आपल्या मराठवाड्याच्या खंडपीठाने दिलेला हा निर्णय कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावा. दुबळ्यावर काढलेला राग शासनाला सोयीचाच असतो; त्याला आपण लोकक्षोभ म्हणू नये.

तिसरा धोका निराशेचा आहे. 'तेच पाळत नाहीत, तर आम्ही का पाळावे?' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले. ते स्वाभाविक आहे, पण त्यातून समता येत नाही. नियम सर्वांनी मोडण्याची मुभा ही विषमतेची दुरुस्ती नव्हे. मोकाट साथीत आधी मरतो तो दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांसह राहणारा माणूस. म्हणून आपली मागणी 'आम्हालाही सूट द्या' अशी असता कामा नये. 'कोणालाही ओळखीवर सूट नको', अशीच ती असली पाहिजे.

मग करावयाचे काय? केवळ राजीनाम्याच्या घोषणांनी भागणार नाही. एक माणूस जातो, व्यवस्था तशीच राहते, आणि पुष्कळदा तो माणूसही परत येतो. मला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, सवलतींची नोंदवही उघडी असावी. आपत्तीच्या काळात दिलेला प्रत्येक पास, प्रत्येक अपवाद, कोणाला, कोणत्या कारणासाठी आणि कोणाच्या सहीने दिला, हे तहसील कचेरीच्या फलकावर रोजच्या रोज लागले पाहिजे. ही कल्पना परकी नाही. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीच्या कामांवर हजेरीपत्रकात खोटी नावे घुसू नयेत म्हणून ते मजुरांसमोर वाचून दाखवावे, असा आग्रह याच महाराष्ट्रातील चळवळींनी धरला होता. मजुराची हजेरी चव्हाट्यावर वाचता येते, तर साहेबाची सवलत का वाचू नये? दुसरी, अर्जाला उत्तर देण्याची मुदत ठरलेली असावी, आणि नकार दिला तर कारण लेखी द्यावे. करमाडच्या रुळांवर गेलेल्यांना निदान 'नाही' एवढे तरी कोणी सांगावयास हवे होते. तिसरी, आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५९ मधील पूर्वपरवानगीला मुदत घालावी. मुदतीत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे समजावे, आणि चौकशीचे अहवाल विधिमंडळापुढे ठेवावेत. चौथी, दंड उत्पन्नाच्या प्रमाणात असावा. प्राप्तिकर उत्पन्नानुसार चढतो, मग दंडाने सर्वांना एकाच मापाने का मोजावे?

या मागण्या पुढच्या साथीची वाट न पाहता आताच लावून धरल्या पाहिजेत. संकट आले की कायदे रातोरात होतात आणि विचारायला सवड नसते. आणीबाणीने आपल्या पिढीला तो धडा दिला आहे. मराठवाड्यात तर साथ नसली तरी टंचाई दर दोन-चार वर्षांनी दारात उभी असते. टँकर कोणाच्या विहिरीत रिकामा झाला, चाराछावणीत कोणाची गुरे कागदावर होती, पीकविम्याच्या यादीत कोणाचे नाव वर सरकले, हे प्रश्न त्याच जातीचे आहेत.

शेवटी आपल्या स्वतःविषयी. नियम मोडणाऱ्यांत सगळ्याच पक्षांची माणसे होती, हे आपण पाहिले. सत्ता हाती नसताना शुद्ध राहणे सोपे असते. तेवढ्यावर कोणी मिरवू नये. कार्यकर्त्याला गावात जो थोडाबहुत मान असतो, तीही एक लहानशी सत्ताच आहे. रास्तभावाच्या दुकानात, दवाखान्याच्या रांगेत, तहसीलच्या खिडकीशी 'साहेब, हे आपले आहेत' म्हणून आपल्याला कोणी पुढे घेतले, तर तेथे नम्रपणे मागे सरून उभे राहण्याची सवय आजपासून लावून घ्यावी. गोष्ट लहान आहे. पण रांगेतली माणसे ती पाहत असतात, आणि पुढे कठीण काळी कोणाचे ऐकायचे हे ती तिथेच ठरवतात.